येझदी गरम झाली की बंद, थंड झाली की चालू: फॉल्ट कुठं शोधायचा

जुनी येझदी किंवा जावा मोटारसायकल नीट करून रस्त्यावर काढली की हा प्रॉब्लेम बहुतेकांना येतोच. थंड असताना अर्ध्या किकला चालू, पंधरा-वीस मिनिटं एकदम झकास पळते, मग चढ लागला की मेली. किती बी किक मारा, काही नाही. बाजूला लावून चहा पिऊन आलं की परत अर्ध्या किकला चालू, जसं काही झालंच नव्हतं. गॅरेजला न्या, तिथं जाईपर्यंत गाडी थंड झालेली असते, मेकॅनिक दोन किक मारून म्हणतो चांगली तर आहे की, प्लग साफ करून देतो आणि पुढच्या रविवारी परत तेच.

आमच्याकडं आजोबांची सिक्स व्होल्टवाली येझदी 250 आहे, कोल्हापुरात शाहूपुरीत गुळाच्या पेढीवर जायला घेतलेली, नंतर कितीतरी वर्षं माळ्याखाली पोत्यात पडून होती. ती मी उघडली, इंजिन बांधून घेतलं, रंग केला, थोडं आपल्या मनासारखं पण केलं. माझं वय सतरा, म्हणजे इंजिन उघडायला कुणाची ना नाही पण चालवायला कायद्याची ना आहे, गिअरची गाडी अठराच्या आत चालत नाही आणि पोरगं सापडलं तर 2019 पासून गाडीमालकावर नाहीतर पालकावर केस, पंचवीस हजार दंड, वर आरसी वर्षभर रद्द. त्यामुळं टेस्टला गाडी मामा चालवतात आणि मी मागं हत्यारांची पिशवी घेऊन बसतो. आमचा टेस्टचा रस्ता म्हणजे पन्हाळा. केर्लीपर्यंत काही त्रास नाही, वाघबीळचा चढ अर्धा झाला की गाडी खलास. हे इतक्या नेमानं व्हायचं की मामा आधीच बाजूला घ्यायचे.

आता मुद्द्याचं सांगतो, गरमचा फॉल्ट गरम असतानाच पकडायचा. गाडी बंद पडल्यावर पहिली दोन-तीन मिनिटंच तुमच्या हातात असतात, त्यानंतर पुरावा गेला. पण होतं काय, बंद पडली की सगळे आधी वीस किक मारतात, मग शिव्या, मग फोन, आणि पाना हातात घेईपर्यंत इंजिन गार. म्हणून पिशवीत प्लग पाना, जाड हातमोजा, एक चांगला प्लग, स्क्रू ड्रायव्हर आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) वरच ठेवायचं, तळाशी नाही.

बंद पडताना कशी पडली ते आधी लक्षात ठेवा, निम्मं निदान तिथंच होतं. स्विच बंद केल्यासारखी एकदम गेली तर करंटचा प्रॉब्लेम. आधी दम कमी झाला, खोकली, अॅक्सिलेटर कमी-जास्त करून थोडी ओढली आणि मग गेली, तर पेट्रोल पोचत नाहीये. जाता जाता आवाज उंच झाला, अॅक्सिलेटर सोडला तरी आयडलला (उभ्या गाडीच्या हळू आवाजाला) खाली येत नव्हती, तर कुठून तरी हवा ओढतेय. आणि मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी जड होऊन थांबली तर किक मारूच नका, लगेच क्लच दाबा, ते पिस्टन धरण्याचं लक्षण आहे, विशेषतः नवीन बोअर केलेल्या इंजिनात, आणि त्याचा या पोस्टशी संबंध नाही, ते गार करून ब्लॉक (सिलिंडर) काढून पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे आहेत का ते बघायचं.

बंद पडल्या पडल्या पहिलं काम पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. कान जवळ ठेवा. फुस्स करून हवा आत गेल्याचा आवाज आला तर झाकणाचं भोक बंद आहे, टाकीत व्हॅक्यूम झालाय आणि पेट्रोल खाली उतरत नाहीये. याला काही खर्च नाही, दहा सेकंद लागतात, तरी लोक कार्बोरेटर खोलून बसतात. रिस्टोर केलेल्या गाड्यांत हे जास्त का होतं तर झाकण एकतर नवीन क्रोम केलेलं असतं, प्लेटिंग आणि पॉलिशचा मसाला त्या बारीक भोकात जाऊन बसतो, नाहीतर बाजारातलं डुप्लिकेट झाकण असतं ज्याला आतून भोकच आरपार नसतं. खात्री करायची तर घरी कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडा, झाकण घट्ट लावून कॉक चालू ठेवा आणि बघत बसा. धार तशीच राहिली तर ठीक, हळूहळू बारीक होत थेंबावर आली आणि झाकण सैल केल्यावर परत धार झाली तर सापडलं.

दुसरं काम कार्बोरेटरचा टिकलर (त्याच्यावरचं पेट्रोल भरायचं बटण) दाबा. पेट्रोल लगेच बाहेर आलं तर बाऊलमध्ये (कार्बोरेटरच्या वाटीत) पेट्रोल आहे, पेट्रोलवरचा संशय बराच कमी. आलं नाही तर कॉक, पाइप, फिल्टर.

तिसरं, आणि खरं हेच, करंट. हातमोजा घालून प्लग काढा, कॅपमध्ये बसवून हेडच्या फिनला नीट टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ येते. मामांना किक मारायला सांगा. जाड निळी ठिणगी, टक टक आवाज असलेली, तर करंट ठीक. बारीक पिवळी-नारिंगी किंवा कधी आहे कधी नाही, तर उजव्या बाजूचं कव्हर काढा, तिथं डायनॅमोवरच पॉइंट (उघडझाप करून करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं) असतात, सावली करून बघा. पॉइंट उघडताना किंचित ठिणगी दिसली तर चालतंय. मोठी निळी-पांढरी ठिणगी सारखी उडत असेल तर कंडेन्सर गेला. एवढ्या स्पष्टपणे दुसरा कुठलाच पार्ट स्वतःहून सांगत नाही.

कंडेन्सर का म्हणून गरम झाल्यावरच मरतो हे मला बरेच दिवस कळत नव्हतं, फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा डोक्यात बसलं. पॉइंट बंद असतात तेव्हा कॉइलमधून करंट वाहतो, पॉइंट उघडले की तो तुटतो, आणि जितका झटक्यात तुटेल तितकं जास्त व्होल्टेज कॉइलच्या दुसऱ्या बाजूला तयार होतं, तेच प्लगला जातं. पण तुटताना करंटला थांबायचं नसतं, तो पॉइंटच्या फटीतून उडी मारायला बघतो. कंडेन्सर ती लाट क्षणभर आपल्यात घेतो म्हणून पॉइंटवर ठिणगी पडत नाही आणि प्लगवर पडते. आतमध्ये धातूच्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये इन्सुलेशन गुंडाळलेलं असतं. इन्सुलेशन खराब असेल तर थंड असताना धरतं, तापलं की आतून गळायला लागतं. आणि आपल्या गाड्यांत हा बिचारा बसवलाय कुठं, इंजिनच्या कव्हरमध्ये, क्रँकच्या शेजारी, जिथं हवा लागत नाही. टू स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला जळतं, ब्लॉक बिडाचा, चढाला दुसऱ्या गिअरमध्ये पाच मिनिटं काढा, त्या कव्हरला हात लावता येत नाही.

मग नवीन टाकला तरी का जातो? कारण आज मिळणाऱ्या डुप्लिकेट कंडेन्सरचा काही भरवसा नाही. मी टाकलेला नवाच होता, पाकिटातून काढलेला, आणि तोच मरत होता. ही गोष्ट रिस्टोर करणाऱ्या प्रत्येकानं भिंतीवर लिहून ठेवावी असं मला वाटतं, की संशय घेताना आधी नवीन टाकलेल्या पार्टवर घ्या. चाळीस वर्षं चाललेला जुना पार्ट आज नेमका याच महिन्यात जाईल याची शक्यता कमी, काल दुकानातून आणलेला जास्त. म्हणून जुना ओरिजिनल कंडेन्सर, पॉइंट, कॉइल कधीच भंगारात टाकू नका, डब्यात चिठ्ठी लावून ठेवा.

मल्टीमीटरवर मोजायचा असेल तर कपॅसिटीचा मोड लागतो, साधारण 0.2 ते 0.25 मायक्रोफॅरॅड यायला पाहिजे. थंड मोजा, मग हेअर ड्रायरनं चांगला तापवून मोजा (ताईचा ड्रायर, तिला विचारून). तापल्यावर आकडा नाचायला लागला तर फेका. पण आकडा स्थिर राहिला म्हणजे चांगलाच असं नाही हं, मीटर एक-दोन व्होल्टवर मोजतं आणि गाडीत पॉइंट उघडताना त्याच्यावर शेकड्यात व्होल्ट येतात. मीटरनं नापास केला तर नापास, पास केला तर अजून परीक्षा बाकी.

पक्का इलाज जुने येझदीवाले करतात तोच, कंडेन्सर इंजिनच्या कव्हरमधून बाहेर काढायचा. कॉइलच्या ज्या टोकाला पॉइंटकडून आलेली वायर बसते त्याच टोकाला कंडेन्सरची वायर जोडायची, आणि कंडेन्सरची बॉडी टाकीखाली फ्रेमला नट-बोल्टनं आवळायची. तिथं हवा लागते, तापत नाही. आतला जुना कंडेन्सर मात्र तोडायला विसरायचं नाही, खराब कंडेन्सर जोडलेला ठेवून शेजारी चांगला लावला तर खराब त्याला पण घेऊन बुडतो. जुन्या अँबेसिडर, पद्मिनीच्या डिस्ट्रिब्युटरवरचा कंडेन्सर चालतो, तो जरा दणकट असतो. टाकी बसवली की बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळं ओरिजिनल ओरिजिनल करणारे काका पण काही बोलत नाहीत.

इथं एक मोठी गंमत आहे, ती म्हणजे पावडर कोटिंग. फ्रेमला पावडर कोटिंग केलं की दिसतं लय भारी, पण तो थर करंट जाऊ देत नाही. कंडेन्सरची बॉडी, बॅटरीची अर्थची वायर, इंजिन आणि फ्रेमचे बोल्ट, हे सगळं पूर्वी लोखंडाला लोखंड टेकून अर्थिंग व्हायचं, आता मध्ये कोटिंग. काही ठिकाणी बोल्टच्या आट्यांतून थोडं थोडं जातं, म्हणून गाडी चालू होते, आणि तापून-हादरून सैल झालं की जातं. सिक्स व्होल्टमध्ये हे जास्त टोचतं, कारण बारामध्ये अर्धा व्होल्ट वाटेत गेला तर साडेअकरा उरतात, सहामध्ये गेला तर साडेपाच, वर त्याच वॅटला करंट दुप्पट लागतो. कोटिंगवाल्याला आधीच सांगायला पाहिजे की अर्थच्या जागा टेप लावून झाक, पण तो सांगून पण विसरतो, तेव्हा घरी आणल्यावर वायसरच्या आकाराएवढी जागा पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंडापर्यंत घासायची, बोल्ट आवळायचा आणि वरून ग्रीस लावायचं म्हणजे गंज चढत नाही. त्याशिवाय बॅटरीच्या अर्थच्या टोकापासून थेट इंजिनच्या बोल्टला एक जाड वायर वेगळी टाका, फ्रेमवर अवलंबून राहायलाच नको. तपासायचं असेल तर स्विच चालू, पॉइंट बंद अशा स्थितीत बॅटरीच्या अर्थच्या टोकाला एक आणि इंजिनच्या बॉडीला एक पिन लावून व्होल्टेज बघा, जवळपास शून्य पाहिजे. अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थिंग कच्चं आहे. आणि हे बघून झालं की स्विच लगेच बंद करा, पॉइंट बंद असताना स्विच चालू राहिला तर कॉइल तापत बसते आणि बॅटरी पण उतरते.

आता आमची गाडी लबाड का निघाली ते सांगतो, कारण बऱ्याच जणांचं इथंच अडतं. आमच्यात दोन फॉल्ट एकाच वेळी होते आणि दोघांचं लक्षण सारखं. झाकणाचं भोक बंद आणि कंडेन्सर पण गळका. झाकण मोकळं केल्यावर गाडी वाघबीळ चढून गेली, आम्ही खुश, मामांनी पन्हाळ्यावर पिठलं-भाकरी खायला घातली, आणि परत येताना उतारावर ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर बंद. मग घरात सगळे म्हणाले झाकणाचं काही नव्हतंच, उगीच. पण पहिल्यांदा बंद पडताना ती खोकून, दम टाकत पडायची आणि आता स्विच बंद केल्यासारखी पडली, हा फरक होता. एक फॉल्ट गेला म्हणून मागचा दुसरा उघडा पडला. म्हणून एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा काय बदललं आणि त्यानंतर बंद पडताना कशी पडली. सगळं एकदम बदललं तर गाडी चालेल कदाचित, पण कशानं चालली ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी परत शून्यातून.

कंडेन्सर आणि झाकण दोन्ही ठीक असेल तर पुढं बघा पाइप आणि फिल्टर. कार्बोरेटरला पेट्रोल नुसतं उतारानं येतं, पंप नाही, त्यामुळं कारचा कागदी फिल्टर मध्ये बसवला की धार अडते. पारदर्शक प्लॅस्टिकचा पाइप दिसायला छान पण आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये थोड्या महिन्यांत कडक होऊन तडकतो. पाइप लांब ठेवून वर कमान केली असेल तर तिथं हवा अडकते, ब्लॉकला टेकत असेल तर आतच पेट्रोलची वाफ होते. इथेनॉल पाणी पण ओढतं, म्हणजे महिनाभर उभी राहणाऱ्या गाडीच्या टाकीत गंज, तो कॉकच्या जाळीत, आणि मग पहिली वीस मिनिटं चालते कारण गाळ हळूहळू जाळीवर बसायला वेळ लागतो. थांबलं की गाळ खाली बसतो, परत चालू. हुबेहूब कंडेन्सरसारखं लक्षण, फक्त बंद पडताना खोकते.

कॉइलचं एकच सांगतो, बारा व्होल्टचं कन्व्हर्जन केलं असेल तर कॉइल पण बाराची पाहिजे. सहाची कॉइल बारावर ठेवली तर सुरवातीला ठिणगी एवढी मस्त पडते की पोरं फोटो काढतात, मग कॉइल हात लावता येणार नाही एवढी तापते आणि चढाला जीव सोडते. उलट केलं, बाराची सहावर, तर ठिणगी कायमचीच मरतुकडी.

पॉइंटचा गॅप 0.4 मिमी ठेवा, प्लगचा 0.6. डुप्लिकेट पॉइंटची फायबरची टाच लवकर झिजते, झिजली की गॅप कमी होतो, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागं पडतं आणि मागं पडलेल्या टायमिंगनं इंजिन आणखी तापतं, मग कंडेन्सर आणखी तापतो. कॅमवरच्या फेल्टला थोडं ग्रीस असलं तर हे वाचतं, आणि थोडंच, जास्त लावलं तर उडून पॉइंटवर जातं. टायमिंगचा आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच घ्या, कट्ट्यावर ऐकलेला नको. गॅप दर आठवड्याला आपोआप बदलत असेल तर पॉइंट सोडा, त्या बाजूच्या क्रँक बेअरिंगला खेळ आहे का बघा.

आवाज उंच होऊन बंद पडत असेल तर गाडी चालू असताना मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर आणि ब्लॉकमधला जोड) पॅकिंगवर डब्ल्यूडी फोर्टीचा बारीक फवारा मारा, पाइप आणि सायलेन्सरपासून लांब, आणि आवाज बदलतोय का ऐका. बदलला तर तिथून हवा जातेय. तिथं काही नसेल तर उजव्या बाजूचं, डायनॅमोमागचं ऑइल सील. डाव्या बाजूचं सील गेलं तर हवेऐवजी गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जातं, भरपूर धूर, प्लग ओला आणि गिअर ऑइल कमी होत जातं, ते ओळखायला सोपं. बरीच वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात दोन्ही सील वाळलेली असणारच, इंजिन उघडलंय तर बदलूनच टाका.

कस्टमचा हौशी भाग म्हणाल तर सगळ्यात जास्त त्रास कोनवाल्या ओपन फिल्टरचा. ओरिजिनल फिल्टरचा डबा काढून तो लावला की हवा जास्त, पेट्रोल तेवढंच, मिश्रण पातळ, इंजिन गरम. जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) बदलायची तयारी नसेल तर डबा परत लावा, मी लावला. काहीजण गरम होते म्हणून टूटी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं टू स्ट्रोकचं ऑइल) वाढवतात, त्यानं तर उलटंच होतं, ऑइल जास्त म्हणजे त्याच जेटमधून पेट्रोल कमी आणि प्लग काळा. आजोबांच्या काळचं प्रमाण 1:25, म्हणजे लिटरला 40 मिली, नवीन बोअरला तेच ठेवा. प्लग एनजीकेचा बी7एचएस चालतो, त्या कंपनीत आकडा वाढला की प्लग थंड होत जातो (म्हणजे उष्णता जास्त लवकर बाहेर टाकतो) हे लक्षात ठेवून मगच बदला.

रंग बदलला असेल तर आरसीवर नोंद करून घ्या, आणि चेसी, इंजिनच्या मूळ नंबरांवर पावडर कोटिंग किंवा ग्राइंडर फिरू देऊ नका. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला 2021 च्या नियमानं व्हिंटेजमध्ये रजिस्टर करता येतं, पण ती ओरिजिनल असेल तरच, त्यामुळं फ्रेम कापून मागचा भाग छोटा करायचा विचार असेल तर आधी गाडीचं वय मोजा. आमच्या गाडीत मी हँडल बारीक केलं, सीट नवी शिवली, दोन्ही सायलेन्सर तसेच ठेवले, कारण एका ब्लॉकला दोन सायलेन्सर नसतील तर मग येझदी कशाला म्हणायची.

सध्या गाडी पन्हाळा चढते. एक गोष्ट राहिलीय, घाट उतरून आल्यावर आयडल थोडं उंच राहतं आणि पाच मिनिटांनी खाली येतं. मॅनिफोल्डवर फवारा मारून बघितला, फरक नाही, म्हणजे बहुतेक उजवं सील, आमच्या इंजिनवाल्यानं जुनंच ठेवलंय असा संशय आहे. परीक्षा झाली की डायनॅमो उतरवणार. त्याचा रोटर काढायला पुलर बोल्ट लागतो, हातोडी मारायची नाही, उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याला आटे दाखवून बोल्ट बनवून मिळतो.